सरांची गोष्ट, मोठीमायची टोळी

मी बी.बी.ए. केलं ते एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या केंद्रात. हे सांगितलं की लोक आधी माझ्या गळ्यात क्रूस शोधतात, आणि तो सापडला नाही की विचारतात, "पण तुमी तं जयभीमवाले ना?" हो, आहोत. तेव्हाही होतो, आजही आहोत. दवाखान्यात जाऊन आलं म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. पण हे किती जणांना समजावत बसायचं? मी आता नुसतं "भंडाऱ्याला शिकले" म्हणते आणि विषय बदलते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं होतं, इथं त्याचं फक्त एक केंद्र. भंडाऱ्याच्या बाहेर, जुन्या मिशनच्या कंपाऊंडात कौलारू खोल्यांमध्ये वर्ग भरायचे आणि मागच्या बाजूला कंपाऊंडच्याच मालकीच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, होती. फी झेपण्यासारखी होती, आमच्या गावाहून सरळ बस होती, आणि वर्गात अर्ध्या मुली होत्या, एवढं घरच्यांना पुरलं. बाबा वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते, सायकलनं जायचे. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "प्रार्थनेच्या येळी डोये मिटाचे तं मिट. डोकं मिटू नको."

आम्हाला व्यवसायनीती शिकवणारे सर केरळचे. मराठी शिकले ते चर्चमधल्या प्रवचनांतून, त्यामुळे साधं खिडकी लावायला सांगायचं तरी ते "ती खिडकी बंद करावी अशी माझी विनंती आहे" असं म्हणायचे. "जाहले", "तुम्हांस", "ठाऊक आहे काय?" पहिले काही दिवस आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसलो. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मग तो माणूस आवडायला लागला. कुठल्याशा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तो इथं आला होता आणि त्याबद्दल एका शब्दानं फुशारकी मारत नव्हता.

त्यांचं म्हणणं असं, की धंद्याचा मालक देव, आपण नुसते कारभारी. त्यानं सोपवलेलं नीट सांभाळायचं आणि हिशेब त्यालाच द्यायचा. मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "मालक वरते हाय, मंग फी खालते काहून भरा लागते?" सगळ्यांत मोठ्यानं हसले ते सरच. नफा म्हणजे मीठ आहे, असं ते म्हणायचे. नसलं तर घास उतरत नाही, पण नुसतं मीठ कोणी ताटात वाढून घेत नाही. असलं काही ते बोलले की मी वहीत लिहून घ्यायची आणि घरी मायला ऐकवायची. माय म्हणायची, "बरं बोलते मानूस. धंदा केला काय त्यानं कधी?"

त्या वर्षी मायची पिशवी काढली होती. आमच्याकडे बायका हे असंच सांगतात, दात काढला म्हणावं तसं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरनं बजावलं होतं की वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गाडीचे धक्के घ्यायचे नाहीत. आणि समोर रोवणा आला. धानाची रोपं चिखलात लावायचे ते दिवस. सकाळपासून कमरेत वाकूनच राहायचं. आमच्या गावात हे काम बायांच्या टोळ्या करतात, गुत्त्यानं. म्हणजे अमुक वावराचं अमुक, आधीच ठरवून घ्यायचं, आणि काम झालं की सगळ्यांनी सारखं वाटायचं. लवकर संपलं तर लवकर घरी. मालकानं घड्याळ दाखवायचं काम नाही.

आमच्या टोळीची म्होरकी होती माझी मोठीमाय, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. घर आमच्या घराला लागून. रोवण्याच्या दिवसांत उजाडायच्या आधी ती रस्त्यावरून एकेका बाईला हाक मारत जायची, आणि पहिली हाक आमच्या दारात. त्या वर्षी ती हाक आली नाही. माय जुनं पातळ नेसून, डोक्याला फडकं बांधून, शिदोरी घेऊन ओसरीवर बसली होती. टोळी दारावरून गेली. बायकांची बोलणी आमच्या घरापाशी हळू झाली आणि पुढं गेल्यावर पुन्हा वाढली. मायनं शिदोरी सोडून तीच भाकर आम्हाला वाढली.

मायला मजुरीची तशी नड नव्हती हो! बाबांचा पगार येत होता. पण ती लग्न होऊन आली त्या सालापासून त्या टोळीत होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथं, सगळी भांडणं तिथं. गावात कोणाच्या घरात काय शिजतं ते तिला चिखलात उभं राहूनच कळायचं. टोळी गेल्यावर दिवसभर गावात उरायच्या त्या म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि कोंबड्या.

माझं डोकं भडकलं. संध्याकाळी मी मोठीमायच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "माह्या मायले काहून नाही बोलावलं?"

ती पाय धूत होती. वर न बघता म्हणाली, "तुह्या मायले वाकता येते?"

"थोडं थोडं येते."

"गुत्ता थोडा थोडा नसते, बाई. बाकीच्या बाया कंबर मोडतीन अन् तुही माय धुऱ्यावर बसन. आज कोणी बोलनार नाई. चार दिवसानं बोलतीन. मंग मी कोणाकोणाचं तोंड धरू? माह्या एकटीची टोळी हाय काय?" मग पाय पुसून उभी राहिली. "अन् चिखलात पडली, टाके उसवले, तं नाव कोणाचं? माहंच ना?"

मी "तुमचं काळीजच दगडाचं आहे" असं काहीतरी बोलून पाय आपटत घरी आले. ती मागून म्हणाली, "चप्पल तुटन."

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात बायबलमधली द्राक्षमळ्याची गोष्ट घेतली. ख्रिस्ती लोकांत ती घरोघरी माहीत असते, आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. एक मळेवाला सकाळी चौकात जाऊन मजूर आणतो. दुपारी जातो, आणखी आणतो. दिवस कलताना जातो, तरी काही उभेच, त्यांनाही आणतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेल्यांनाही तेवढीच. ते कुरकुरतात. तो म्हणतो, ठरलं तेवढं तुला दिलं ना? मग माझ्या चांगुलपणाचं तुला का दुखतं?

"व्यवसाय म्हणून या मालकाचा निर्णय कसा आहे?" सरांनी विचारलं.

जवाहरनगरचा एक मुलगा, ज्याचे वडील युनियनचे माणूस, तो म्हणाला, "सर, ओव्हरटाइमचं काय?" आणि मी तर उठूनच उभी राहिले. "सर, या मालकाला धंदा एकच दिवस करायचा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मळ्यात कावळासुद्धा येणार नाही. सगळे संध्याकाळीच येतील!" वर्ग खदखदून हसला. मी छाती फुगवून खाली बसणार, एवढ्यात सर म्हणाले, "बरोबर. आता हे सांगा, ते शेवटचे मजूर संध्याकाळपर्यंत चौकात का उभे होते? आळशी होते काय?"

सरांनीच सांगितलं, "त्यांना कोणी कामावर बोलाविलेच नव्हते."

मी खाली बसले. सर पुढं काय काय बोलले, मला एक अक्षर आठवत नाही. मला नुसती ओसरीवर फडकं बांधून बसलेली माय दिसत होती, आणि राग येत होता. मळेवाल्याचा नाही, मोठीमायचा नाही, मग कोणाचा ते कळत नव्हतं, त्यामुळे जास्तच येत होता.

कंपाऊंडच्या बांध्या त्या वर्षी ठेक्यानं न देता आमच्या वर्गाला प्रात्यक्षिक म्हणून मिळाल्या होत्या. बियाणं, मजूर, विक्री, सगळं आम्हीच पाहायचं. रोवण्याला टोळी कोण आणणार, असं सरांनी विचारलं तेव्हा माझा हात वर गेला. आणि मी वर असंही सुचवलं, की सर, आपण ती गोष्ट इथंच करून पाहू ना. गुत्ता नको, रोजी ठेवा. जी जेव्हा येईल तेव्हा येईल, मजुरी सगळ्यांना सारखी. सर म्हणाले, "परवा तर आपण म्हणालात की कावळाही येणार नाही."

"काम एकाच दिवसाचं आहे सर. दुसरा दिवस येतच नाही."

माझा डाव साधा होता. माय उशिरा येईल, झेपेल तेवढं करेल, टोळीत बसून भाकर खाईल, आणि तिच्यामुळे कोणाचं काही बुडणार नाही. मोठीमायला मी हे सगळं नीट समजावलं. ती तंबाखू मळत ऐकत होती. "गुत्ता सोडून रोजी? अन् ते बी उशिरा येनारीले पुरी? तुह्या सरच्या डोक्यावर परिनाम झाला काय वो?" मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाली, "येतो आमी. पन मी तुह्या मायले बोलावलं, असं तिले सांगू नको. वावर सरचं हाय. तिथं कोनी येवो, मले का कराचं?"

मायला मी सांगितलं की सरांनी बोलावलं आहे. तिनं डोळे बारीक केले. "सरनं? सर रोवते काय?" पण सकाळी मी पाहिलं तर जुनं पातळ दोरीवरून उतरलं होतं.

टोळी उजाडताच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेली. धक्के नकोत म्हणून मी मायला मागाहून बसनं नेलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि बांधीचा मोठा तुकडा हिरवा झाला होता. वर्गातली मुलं रोपांच्या जुड्या फेकत होती. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे होते आणि बायकांना "आपणांस पाणी हवे काय?" असं विचारत होते. बायका हसून हसून वाकड्या होत होत्या. माय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिली. कोणी ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. मग रांगेत मधे एक जागा झाली, बायका जराशा सरकल्या, आणि माय उतरली.

तिनं थोडं रोवलं, थोडं बसली, पुन्हा रोवलं. जेवताना ती टोळीत बसली, पण नेहमीसारखी बोलली नाही. पाहुण्यांकडे बसतात तशी अंग चोरून बसली. मोठीमाय तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, चला, निदान आली तरी.

संध्याकाळी सगळ्या जणी हातपाय धुऊन उभ्या राहिल्या. सरांनी पिशवीतून पांढरी पाकिटं काढली. त्यांच्या चर्चमध्ये दान पाकिटात घालून देतात, तीच चांगली रीत म्हणून त्यांनी प्रत्येकीची मजुरी वेगळ्या पाकिटात भरून आणली होती. मला हे आधी माहीत असतं तर मी त्यांचा हातच धरला असता. कारण आमच्याकडे टोळीचा पैसा एकाच हातात पडतो, म्होरकीच्या. ज्या बाईला मालक बाजूला काढून पैसे देतो, ती टोळीची नसते. तिनं तिचं पाहावं. आणि सरांना काय ठाऊक? गोष्टीतल्या मळेवाल्यासारखं शेवटी आलेलीला आधी द्यायचं, म्हणून ते पाकीट घेऊन सरळ मायसमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पुढं करून.

मायनं पाकिटाकडे पाहिलं. "हे का आहेर हाय?"

"नाही बाई, ही आपली मजुरी. पूर्ण. ही तुमचीच आहे, घ्यावी."

माय हात पुढं करेना. तिचा चेहरा असा झाला होता की मी पुढं सरकले, तिला चक्कर येते की काय म्हणून. पण ती ताठ उभी होती. "सर, तुमी भले मानूस हा. पन हे मले येगळं देऊ नका. टोळीचं हाय ते टोळीजवळ द्या." मग मोठीमायकडे बोट केलं. "मी टोळीत आहो का नाई, हे ते बाई सांगन."

मुलं गोष्टीतल्यासारखी कुरकुर होण्याची वाट पाहत वह्या काढून उभी होती. मोठीमाय नाही म्हणाली तर? माय पैसेही घेणार नाही आणि उद्यापासून त्या ओसरीवरही बसणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आता मात्र सर शहाण्यासारखं वागले. काही न विचारता त्यांनी सगळी पाकिटं गोळा केली आणि मोठीमायच्या ओंजळीत ठेवली.

मोठीमायनं तंबाखू थुंकली. "बसा साऱ्या." बायका धुऱ्यावर बसल्या. मायही बसली. मोठीमायनं पाकिटं एकेक करून फाडली, "कागद कायले वाया घालवते काय मालूम" असं पुटपुटत पैशांचा एक ढीग केला आणि वाटायला लागली. मायपाशी आली आणि थांबली.

"उन्ह चढल्यावर आली ना तू?"

"बस उशिरा आली. मी का बस चालवतो?"

"मधात बसली होती."

"पानी प्यायले बसली होती."

"पानी प्यायले येवढा येळ लागते?"

"तुमच्या गुंडातल्या पान्यात माती होती. निवळू द्या लागलं."

एक बाई फिसकन हसली. मोठीमाय हसली नाही. तिनं नोटा मोजून वेगळ्या केल्या. "अर्धं घे."

"अर्धं काहून? मी का अर्धी बाई हाय?"

"काम अर्धं केलं. पुढच्या साली पुरं कर, पुरं घे."

मला राहवेना. "मोठीमाय, सरांनी तिचं पुरं दिलं आहे! तुम्ही कोण कापणाऱ्या?"

माय माझ्यावर अशी खेकसली, की तशी ती मला कधी लहानपणीही बोलली नव्हती. "तू चूप राय! हे आमचं हाय." आणि तिनं त्या नोटा घेतल्या, फडक्याच्या टोकाला बांधल्या, गाठ दातानं ओढून घट्ट केली. उरलेल्या पैशांतून मोठीमायनं सगळ्यांना चहा पाजला, आम्हा पोरांनाही. टपरीवर मायचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बस कशी उशिरा येते, डॉक्टर कसा लबाड आहे, सरांच्या पायाला जळू कशी लागली होती.

सर चहाचा ग्लास हातात धरून माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, "आज तुमच्या मातोश्रींवर अन्याय जाहला काय?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. आता, इतक्या वर्षांनी, मी एका राइस मिलच्या ऑफिसात कामगारांचे पगार काढते. कोण किती वाजता आलं ते मशीन सांगतं आणि मशीन कधी चुकत नाही. तरी कोणाचा अर्धा दिवस कापताना माझी बोटं अडतात. कापला म्हणून नाही. कापल्यावर तो माणूस माझ्याशी भांडायला येतो की मुकाट निघून जातो, ते मी बघत बसते. भांडायला आला की मला बरं वाटतं.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर ट्रॉली आली. मी मायला म्हटलं, "चल, बस येईल आता." ती ट्रॉलीकडे चालायला लागली.

"माय! धक्के बसतील. डॉक्टरनं सांगितलं ना?"

"डॉक्टर काय टोळीत हाय?" ती म्हणाली. "तू ये बसनं. मी याईच्या संगं जातो."

मोठीमायनं वरून हात दिला. माय दोनदा घसरली, शिव्या दिल्या, आणि चढली. ट्रॉली रस्त्याला लागली. मी बसची वाट पाहत एकटीच उभी राहिले, आणि वळणापर्यंत मला त्या दोघी ऐकू येत होत्या. अर्धं की पाऊण, यावरून कडकडून भांडत होत्या.